आरशामागच्या चार ओळी

फोन वाजला तेव्हा मी आधी घड्याळाकडे बघितलं आणि मग फोन उचलला. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. पलीकडे माझा धाकटा दीर दीपक होता. हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून बोलत असावा, आवाज घुमत होता. "वहिनी, वैशाली गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "किती वाजता?" तो रडता रडताच हसल्यासारखं करून म्हणाला, "पाच पन्नासला. लिहून ठेवलंय." दुसऱ्या कुठल्या घरात मोठ्या जावेने असा प्रश्न विचारला असता तर लोकांनी तिला दगडाच्या काळजाची म्हटलं असतं. आमच्या घरात मात्र हा पहिला प्रश्न असतो. कुणाला ताप आला, कुणी पडलं, कुणाला चक्कर आली, की आधी वेळ विचारायची आणि मग बाकीचं. ही सवय वैशालीने लावली. तिच्या जाण्याच्या बातमीलाही ती लागू पडली, आणि मला खात्री आहे, तिने वरून मान डोलावली असणार.

वैशाली म्हणजे माझी धाकटी जाऊ, दीपकची बायको. तिला जाऊन आता पाच आठवडे होतील. वय बेचाळीस. मी रडले, भरपूर रडले, त्याची मला लाज नाही. पण हा लेख रडण्यासाठी लिहीत नाही. ज्या बाईने नऊ वर्षं अर्ध्या हाताने आणि पाऊण जिभेने एवढा मोठा बाजार हलवला, तिच्याबद्दल लिहिताना डोळे पुसत बसायला मला वेळ नाही. तसं केलं तर तीच ओरडेल.

आमचं घर फुलांचं. गंगापूर रोड संपता संपता, जिथे आता कुंपणाला बिल्डिंगा येऊन टेकल्यात, तिथे आमचा मळा. झेंडू, शेवंती, अष्टर, थोडा गुलाब. पंचवटीतल्या फुलबाजारात आमचा गाळा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हार ओवते. सुईत झेंडू किती दाबायचा, दोन फुलांत किती अंतर ठेवायचं, याबद्दल मला फार गर्व होता. आणि मग सायखेड्याहून ही पोरगी सून होऊन आली. एकवीस वर्षांची, काडीसारखी, लहानपणी सांधे दुखण्याच्या तापाने महिनाभर अंथरुणावर होती म्हणे, त्यामुळे अंग कधी भरलंच नाही. पण हात! मी एक हार करेपर्यंत तिचे दोन व्हायचे. वर माझ्या हाराकडे मान तिरकी करून बघायची आणि म्हणायची, "ताई, तुमचा हार लय ढिला हाय." ग्राहकासमोर म्हणायची! मला असा राग यायचा. माझा हार ढिला नसायचा, हे मी आजही शपथेवर सांगते. मी फुलं चेंगरू देत नव्हते, एवढंच. पण तिला चिडवण्यात मजा यायची आणि मला चिडण्यात. बारा वर्षं आम्ही एकाच सतरंजीवर समोरासमोर बसून अशा भांडलो.

मग ती खंडेनवमी आली. फुलवाल्यांच्या घरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. वर्षभर झेंडू लावायचा, जपायचा, तो या एका दिवसासाठी. त्या दिवशी घरात कुणी आजारी पडत नाही. म्हणजे पडलं तरी पडत नाही. आमच्या सासूबाई तर अभिमानाने सांगायच्या की दीपकच्या वेळी त्यांना कळा सुरू झाल्या तेव्हाही त्यांनी हातातलं तोरण पुरं केलं होतं. आम्ही दोघी सुना ती गोष्ट ऐकूनच मोठ्या झालो होतो. दुपारी जेवणं झाल्यावर कधीतरी वैशालीच्या हातातून सुई पडली. तिने उचलली, पुन्हा पडली. मी म्हटलं, "काय गं, हात तुटले का?" ती काहीतरी बोलली, ते मला नीट कळलं नाही. तोंडात पान असल्यासारखं वाटलं. ओठाचा एक कोपरा खाली आलेला मी बघितला. हो, बघितला. पण दोन दिवस कुणीच धड झोपलं नव्हतं, सगळ्यांचीच तोंडं उतरलेली होती. आणि मी म्हटलं... हे वाक्य मी नऊ वर्षांत हजारदा मनात म्हटलंय... मी म्हटलं, "पड जरा तासभर. झोपलीस की बरं वाटेल."

ती आत जाऊन पडली. आम्ही हार ओवत राहिलो. संध्याकाळी सासूबाईंनी बघितलं तर उजवा हात उचलत नव्हता. "वारं लागलं," त्या म्हणाल्या आणि कोमट तेल चोळायला बसल्या. कुणीतरी एका गावातल्या लकव्याचं औषध देणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं. दसऱ्याच्या सकाळी माल विकून झाल्यावर दीपक तिला आधी तिकडे घेऊन गेला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत एक अख्खा दिवस होत आला होता. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, वैशालीपेक्षाही लहान असतील. त्यांनी विचारलं, "हे सुरू कधी झालं? नेमकी वेळ सांगा." त्या दुपारी आम्ही किती तोरणं केली ते मी पटकन सांगू शकले असते. वेळ मात्र कुणालाच माहीत नव्हती. डॉक्टरबाईंनी सांगितलं, मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. लहानपणीच्या त्या तापाने हृदयाची झडप खराब झाली होती, कुणाला पत्ताच नव्हता, तिथून गुठळी सुटली. ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच द्यायचं असतं, आणि तेवढ्यातही जितकं लवकर तितकं चांगलं. मी म्हटलं, "पण मॅडम, तेहतीस वर्षांच्या बाईला कसला लकवा?" त्या म्हणाल्या, "सगळे हेच म्हणतात, म्हणूनच उशीर होतो." बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

उजवा हात गेला तो पुरता कधी परत आला नाही. पाय हळूहळू आला. बोलणं सगळ्यात उशिरा. मनात सगळं लख्ख असायचं, पण तोंडातून भलताच शब्द बाहेर पडायचा. चहा मागायचा तर "कांदा" म्हणायची. मला एकदा "बादली" म्हणून हाक मारली आणि स्वतःच इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी रडायला लागली. सहा महिन्यांनी झडपेवर उपचार झाले, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि ती पुन्हा सतरंजीवर येऊन बसली. सुई डाव्या हातात. उजवा हात मांडीवर दोऱ्यावर ठेवायचा, वजनासारखा. एक हार करायला तिला अर्धा दिवस लागायचा. मी तिच्यासमोर बसायचे आणि माझे हात आपोआप हळू चालायचे. एक दिवस ती थांबली, माझ्या हाराकडे मान तिरकी करून बघितलं, तोंडाशी शब्द जुळवायला बराच वेळ घेतला आणि एकेक अक्षर टाकत म्हणाली, "ताई... तुमचा हार... लय ढिला हाय." आजारानंतरचं तिचं पहिलं अखंड वाक्य. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, दीपक मळ्यातून आला. मी तर हार फेकून तिला मिठी मारली. आणि खरंच सांगते, त्या दिवशी तो हार ढिलाच होता.

त्याच मिठीत मी बोलून गेले. म्हटलं, "वैशाली, मी तुला पड म्हणाले नसते तर..." मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या ताई, नशीब. सगळे तसंच म्हणत होते आणि ते ऐकून मला आणखी वाईट वाटायचं. ती तसं म्हणाली नाही. बराच वेळ घेत, एकेक शब्द गोळा करत, थांबत थांबत म्हणाली, "आजार तुमच्यामुळं नाय झाला. उशीर तुमच्यामुळं झाला. माझ्यामुळं पण. आईंमुळं पण. आपल्याला कुणाला म्हाइतच नव्हतं." मग माझा हात डाव्या हाताने घट्ट धरून म्हणाली, "पुन्हा उशीर नाय करायचा." मला माफ केलं की नाही ते तिने सांगितलं नाही. काम मात्र दिलं.

त्या कामाची सुरुवात आरशापासून झाली. संक्रांत जवळ आली होती. हळदीकुंकवाला काय वाण लुटायचं यावर घरात बोलणं चाललं होतं. सासूबाईंना स्टीलच्या वाट्या हव्या होत्या. वैशाली म्हणाली, हातात धरायचा आरसा द्यायचा आणि त्याच्या मागे चिठ्ठी चिकटवायची. आरशात हसून बघितलं की तोंड वाकडं आहे का ते कळतं. माझं अक्षर चांगलं, लग्नाआधी दोन वर्षं मी बालवाडीत शिकवलं आहे, म्हणून मजकूर लिहायचं काम माझ्याकडे. मी पानभर लिहिलं. पक्षाघात म्हणजे काय, कारणे, लक्षणे, सगळं अगदी शुद्ध भाषेत. तिने वाचलं आणि म्हणाली, "ताई, एवढं वाचस्तोवर माणूस जाईल." आम्ही चार दिवस भांडलो आणि शेवटी चारच ओळी राहिल्या.

हसून बघा.
दोन्ही हात वर धरा.
एक वाक्य बोला.
जमलं नाही तर घड्याळ बघा आणि हॉस्पिटलला निघा.

ते माझ्या अक्षरात तसंच छापून आणलं. सासूबाईंनी बघितलं आणि त्यांचा पारा चढला. "सणासुदीला, सवाष्णींच्या ओटीत आजार घालतेस का गं? वाण लुटतेस का लकवा लुटतेस?" त्या एकट्याच नव्हत्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी तिळगूळ घेतला, हळदीकुंकू लावून घेतलं, आरसा हौसेने उलटा केला आणि तोंडं उतरली. कित्येकींनी ओसरीवर चपला घालता घालता आरसा हळूच कठड्यावर ठेवून दिला. सगळ्या गेल्यावर मी मोजायलाही गेले नाही, रांगच लागली होती. मला रडू येत होतं. वैशालीने मात्र एकेक आरसा फडक्याने पुसला, टोपलीत भरला आणि म्हणाली, "बायकांनी नाय घेतले ना? मग बाप्यांना देऊ."

आणि दुसऱ्या दिवशी बाजारात तिने टेम्पोवाल्यांना, हमालांना, चहावाल्याला ते परत आलेलं वाण वाटलं. सोमनाथ त्यांच्यातला. वणीकडचा गडी, आमचा माल तोच आणायचा, तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती. मिशांवर भारी जीव. आरसा बघून खूश झाला, मागची चिठ्ठी वाचून हसला. "वैनी, हे म्हाताऱ्यांना द्या. आपण ठणठणीत हाय. दोन कॅरेट एका हातात उचलतो." वैशाली म्हणाली, "मी बी उचलत होते." तो जरासा वरमला. मग त्याने तो आरसा टेम्पोत, सप्तशृंगीच्या फोटोखाली, खिळ्याला अडकवला, मिशा विंचरायला.

नंतरच्या वर्षांत तिने जे केलं त्याला मोहीम वगैरे शब्द लोकांनी दिले, तिला तो शब्द नीट म्हणताही यायचा नाही. गाळ्यावर हार घ्यायला आलेल्या प्रत्येक माणसाला ती हार दोन्ही हातांनी वर धरायला लावायची. "दहा मोजा, डोळे मिटून. एक हात खाली आला तर हार तिरका होईल. घरी पण करून बघा." एखादा नवरदेवाचा भाऊ घाईत असला की मी मध्ये पडून म्हणायचे, अगं जाऊ दे त्याला. ती जाऊ द्यायची नाही. एकदा गंगापूर रोडवरच्या एका व्यायामशाळेत तिला बोलावलं. पोरं सगळी दंड फुगवलेली, कानात यंत्रं घातलेली. दहा मिनिटं दिली होती. ती व्यासपीठावर उभी राहिली आणि तिला पहिला शब्दच सापडेना. मग तिने पिशवीतून झेंडूचा लांबलचक हार काढला, समोरच्या सगळ्यात धिप्पाड पोराच्या हातात एक टोक आणि स्वतःच्या हातात एक टोक. त्याचा हात सरळ वर, तिचा उजवा हात तिने डाव्याने उचलून वर केला आणि सोडून दिला. तो खाली आला. हार तिरका लोंबला. ती म्हणाली, "तेहतीस... वय होतं." एवढंच तिचं भाषण. त्या पोरांनी कानातली यंत्रं काढली होती. त्यानंतर प्रत्येकाला तिने एक वाक्य म्हणायला लावलं, आणि ते कुठलं असणार? पन्नास पैलवान एका सुरात म्हणत होते, "ताई, तुमचा हार लय ढिला हाय!" मी मागे बसून लाजेने लाल झाले.

पण खरं सांगायचं तर या सगळ्या वर्षांत माझ्या मनात एकच भीती होती. हे लोकांना शिकवणं ठीक आहे, पण पुन्हा कधी माझ्यासमोर तसं झालं तर मला कळेल का? मी उठेन का? की पुन्हा म्हणेन, पड जरा? या प्रश्नाचं उत्तर मला गेल्या दसऱ्याने दिलं, आणि तेही नेमकं खंडेनवमीला.

गाळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. वैशालीचं हृदय तेव्हा थकायला लागलं होतं, डॉक्टरांनी गर्दीत जायला बंदी केली होती, ती घरी. आमचे हे आणि दीपक माल उतरवायच्या घाईत. सोमनाथचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी, कॅरेटांनी भरलेला, हारांनी सजवलेला. तेवढ्यात सोमनाथ गर्दीतून माझ्याकडे येताना दिसला, भिंतीला खांदा घासत. काहीतरी बरळत होता. आणि लाज वाटते सांगायला, पहिला विचार माझ्या मनात आला तो हा की सणाच्या दिवशी याने घेतली की काय. मी तोंड उघडलं होतं त्याला झापायला. तेव्हा त्याने डाव्या हातातली वस्तू स्वतःच्या तोंडासमोर धरली. आरसा त्याच्याकडे, चिठ्ठी माझ्याकडे. पिवळी पडलेली, तेलाचे डाग पडलेली, पण माझंच अक्षर. मिशा विंचरायला त्याने आरशात बघितलं होतं आणि अर्धी मिशी खाली आलेली दिसली होती... बोलता येत नव्हतं, म्हणून तो आरसाच काढून घेऊन माझ्यापर्यंत आला होता.

मी घड्याळ बघितलं. सव्वादोन. "सोमनाथ, हस." अर्धंच तोंड हसलं. "हात वर कर." डावा गेला, उजवा राहिला. भोवती लोक जमले. एक म्हणाला पाणी पाजा, एक म्हणाला कांदा हुंगवा, आणि एका म्हातारीने म्हटलं, "दमलाय बिचारा, पडू द्या तासभर." ते ऐकलं आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी ओरडले, "कुणी पडा म्हणायचं नाही! पाणी पाजायचं नाही! रिक्षा आणा!" आमचे हे म्हणाले, "अगं, टेम्पो तरी बाजूला घेऊ दे, माल..." मी म्हटलं, "माल जाऊ द्या." फुलवाल्याच्या घरात, खंडेनवमीच्या दुपारी, हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नसेल. हे माझ्याकडे बघतच राहिले आणि मग त्यांनीच सोमनाथला उचलून रिक्षात घातलं. मी जाता जाता चहावाल्याला विचारलं, "हा नीट कधी बोलला होता शेवटचं?" तो म्हणाला, "दोन वाजता चहा मागितला ना, चांगला शिवी देऊन मागितला." सीटी स्कॅनची सोय असलेली हॉस्पिटलं कुठली, ते वैशालीने आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. तीनला दहा कमी असताना आम्ही आत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "कधी सुरू झालं?" आणि मी म्हटलं, "दोन वाजता ठीक होता. सव्वादोनला माझ्यासमोर आला." डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. आठ वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला थांबले होते.

स्कॅन झालं, इंजेक्शन गेलं. मी बाहेरच्या बाकावरून वैशालीला फोन केला. अर्थात तिचा पहिला प्रश्न: "किती वाजता?" मी सगळ्या वेळा सांगितल्या. मग ती म्हणाली, "ताई... उशीर नाय झाला." एवढंच. मी त्या बाकावर बसून लहान पोरासारखी रडले, आणि दारावरचा वॉचमन मला धीर द्यायला लागला, पेशंट बरा होईल म्हणून. त्याला काय सांगणार, पेशंट वेळेत पोचला होता म्हणूनच रडत होते. दसऱ्याच्या सकाळी सोमनाथने उजवा हात वर केला. आमचा माल त्या दिवशी शेजारच्या गाळेवाल्यांनी विकला की वाटला की वाळला, ते मी अजून विचारलेलं नाही.

आठवड्याने सोमनाथ घरी आला, स्वतःच्या पायांनी, आपट्याचं पान घेऊन. वैशाली म्हणाली, "दसरा कधीच झाला. उशिरा आलास." आयुष्यात हा एकच उशीर तिने माफ केला.

आणि मग या वर्षीची संक्रांत. तिला बसूनही धाप लागत होती, पण हळदीकुंकू करायचंच म्हणाली. एवढ्या बायका आल्या की ओसरी पुरेना. ज्यांनी पूर्वी आरसे कठड्यावर ठेवले होते त्याच आधी हजर. एकीने तर विचारलं, "घरात चार माणसं आहेत, चार मिळतील का?" वैशालीने पहिला आरसा सासूबाईंच्या हातात दिला. सासरे गेल्यापासून त्या हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीतून बाहेर येत नसत. त्या मागे सरल्या, तर ही म्हणाली, "आई, आजार काय कुंकू बघून येतो का? बसा इथं, वाण तुम्ही लुटा." आणि सासूबाई, ज्यांनी कळा सोसत तोरण पुरं केलं होतं, त्या ओसरीवर पाट मांडून बसल्या आणि प्रत्येकीला दरडावून सांगायला लागल्या, "दुखलं खुपलं तर काम टाकून निघायचं. माझ्यासारखा शहाणपणा नको." आरशांची टोपली उचलून बायकांमधून फिरत होता सोमनाथ. मिशा पिळलेल्या, दोन्ही बाजूंनी सारख्या. एका बाईने विचारलं, बायकांच्या हळदीकुंकवात तुम्ही कसे? तो म्हणाला, "परत दिलेलं वाण मला मिळालं होतं. आता मीच लुटतो." सगळी ओसरी हसली. वैशाली खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती, डाव्या हाताने उजव्या हातावर.

तिच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात तिच्याजवळ होते. फार बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा कॉलेजात आरसे द्यायचं ठरलं होतं, ते विसरू नका म्हणाली. मी म्हटलं, नाही विसरणार. ती गेल्यावर तिच्यासाठी हार मीच ओवला. शेवंतीचा, पांढरा आणि मध्ये पिवळा झेंडू. कुणालाही हात लावू दिला नाही. फुलाला फूल लागून, घट्ट. मुद्दाम सगळ्यांना दाखवला, कुठे ढिला दिसतो का बघा. कॉलेजात मी तिसऱ्या आठवड्यात गेले, सोमनाथच्या टेम्पोतून. आरसे संपले आणि पोरं अजून रांगेत होती. आता पुढच्यांची छपाई चालू आहे, मजकूर तोच.

तिचा स्वतःचा आरसा तिच्या खोलीत घड्याळाखाली लटकलेला असतो. रोज सकाळी गाळ्यावर निघण्याआधी ती त्याच्यासमोर उभी राहायची, स्वतःची तपासणी करायची. ती खोली आवरायची म्हणून मी दोनदा गेले आणि न आवरताच परत आले. आता रोज सकाळी मीच तिथे उभी राहते. आधी हसते, पहिले काही दिवस ते जमलं नाही, आता जमतं. मग दोन्ही हात वर धरून दहा मोजते. मग आरशातल्या बाईच्या डोळ्यांत बघून स्पष्ट आवाजात म्हणते, "ताई, तुमचा हार लय ढिला हाय." मग घड्याळ बघते आणि निघते.